हिरव्या खड्याची उलटतपासणी

(मोडनिंब, जि. सोलापूर येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा छापील मजकूर)

१९०६ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाऊ लागली आणि मोडनिंब तिच्या वाटेवर आलं. पाच वर्षांनी, १९११ मध्ये, त्याच कंपनीचे रूळ दुसऱ्या अंगाने बार्शीवरून लातूरला जाऊन टेकले. त्या वाटेवर तेरणेच्या काठी तेर लागतं. मोडनिंबला गाडीत बसलेल्या माणसाला कुर्डुवाडीला गाडी बदलून तेरला उतरता येत होतं. वारकऱ्यांसाठी ते गोरोबाकाकांचं गाव. इतिहासाच्या अभ्यासकांसाठी ते तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी माणसाने ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत पैठणच्या जोडीने नोंदवलेली बाजारपेठ. तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली मांडलं आणि ते आज सर्वमान्य आहे.

नकली हिरव्या खड्यांवरचं व्याख्यान तेरपासून सुरू करायला कारण आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातले मणी आहेत, काही दगडाचे आणि काही काचेचे. तिथेच एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तशाच घडणीची मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेतून निघाली. पाँपेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये, व्हेसुव्हियसच्या उद्रेकात. त्याच उद्रेकात थोरला प्लिनी मरण पावला. या प्लिनीने दोनच वर्षांपूर्वी पूर्ण केलेल्या आपल्या विश्वकोशवजा ग्रंथाच्या शेवटच्या, म्हणजे सदतिसाव्या भागात रत्नांची माहिती दिली आहे. भारतातले लोक स्फटिकाला रंग चढवून निरनिराळी रत्नं, विशेषतः वैडूर्याच्या जातीची, बनवतात अशी नोंद त्याने तिथे केली आहे. शास्त्राच्या भाषेत हा वर्ग ‘बेरिल’चा आणि पाचू हा त्याच बेरिलचा हिरवा प्रकार.

प्लिनीला हे रंगवलेले खडे नेमके कोणत्या गावचे ते ठाऊक नव्हतं. तेरचेच असतील असं म्हणायला पुरावा नाही आणि तसं म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. पण ज्या व्यापाराने दख्खनची हस्तिदंती कारागिरी आणि भूमध्य समुद्राकाठची घरं एका धाग्यात ओवली, त्याच व्यापारात रंगवलेला स्फटिकही होता, एवढं मात्र नक्की. नकली रत्न ही आजच्या बाजारू जमान्याची देणगी आहे, अशी तक्रार करणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

रंग चढवण्याची युक्ती साधी आहे. स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ. ते तापवायचं आणि एकदम गार पाण्यात टाकायचं. आतल्या आत बारीक तडे जातात, पण खडा फुटत नाही. मग तो हिरव्या रंगात बुडवून ठेवायचा. रंग तड्यांतून आत झिरपतो. इसवी सन ३०० च्या आसपासचा इजिप्तमधला एक पपायरस स्टॉकहोममध्ये जपून ठेवला आहे. त्यात स्फटिकापासून पाचू करण्याच्या कृती दिल्या आहेत आणि रंगासाठी तांब्याचे क्षार सांगितले आहेत. आजही असा तडकवून रंगवलेला क्वार्ट्झ जगाच्या बाजारात विकला जातो आणि तिकडचे काही व्यापारी त्याला चक्क ‘इंडियन एमराल्ड’ म्हणतात. दोन हजार वर्षांत कृती बदलली नाही आणि बदनामीही.

हा खडा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. सोनाराकडचं दहापट भिंग पुरतं. खऱ्या पाचूत रंग दगडाच्या अंगात मुरलेला असतो, कधी पट्ट्यापट्ट्यांनी कमीजास्त, पण दगडाचाच. रंगवलेल्या स्फटिकात हिरवा रंग फक्त तड्यांच्या जाळ्यात बसलेला दिसतो आणि दोन तड्यांमधली जागा पाण्यासारखी कोरी असते. एकदा हे जाळं पाहिलं की विसरता येत नाही.

काचेची गोष्ट वेगळी. काचेच्या बाबतीत महाराष्ट्राकडे एक मोठं नाव आहे, मोरेश्वर गंगाधर दीक्षित. हे पुरातत्त्वज्ञ मण्यांच्या आणि काचेच्या मागे आयुष्यभर लागले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीचं उत्खनन १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलियांबरोबर त्यांनी केलं आणि भारतीय काचेच्या इतिहासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठाने काढला. दख्खनच्या सातवाहन थरांमध्ये काचेचे मणी आणि बांगड्यांचे तुकडे जागोजागी मिळतात. ती काच कोणाला फसवण्यासाठी केलेली नव्हती. ज्याला दगडाचा मणी परवडत नव्हता त्याने काचेचा घेतला आणि तो काचेचाच आहे हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत होतं. कौटिल्याने खजिन्यात येणाऱ्या रत्नांची यादी करताना काचमण्यांचा निराळा उल्लेख केला आहे, म्हणजे राजाच्या कोठारातही काचमणी या नावानेच नोंदवला जात होता. आजही लग्नात नवरीच्या हातात हिरवा चुडा भरतात तेव्हा तो पाचूचा आहे असं कोणी म्हणत नाही. लबाडी खड्यात नसते. ती पावतीवर लिहिलेल्या नावात असते.

हे एकदा मान्य केलं की ‘खडा खरा की खोटा?’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. त्याच्या जागी तीन वेगळे प्रश्न उभे राहतात. खडा कशाचा आहे? तो जमिनीत झाला की भट्टीत? आणि जमिनीतून निघाल्यावर त्याचं काय काय करण्यात आलं? घरगुती परीक्षा, सोनाराचं भिंग आणि शहरातली प्रयोगशाळा हे सगळे या तिन्हींपैकी कशाचं ना कशाचं उत्तर देतात. घोटाळा होतो तो एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यामुळे.

पहिल्या प्रश्नात जग किती काळ चुकू शकतं, याचं उदाहरण इटलीतल्या जिनोव्हा शहरात आहे. तिथल्या कॅथीड्रलमध्ये षटकोनी हिरवं तबक होतं. ११०१ साली सिझेरिया शहर लुटताना ते हाती लागलं, अशी तिथली परंपरा. ते एकाच अखंड पाचूतून कोरलं आहे, अशी श्रद्धा होती आणि त्याला ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाचं पात्र मानत. १८०६ मध्ये नेपोलियनने ते पॅरिसला नेलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी पाहून सांगितलं की ही काच आहे. नेपोलियन पडल्यावर १८१६ मध्ये तबक जिनोव्हाला परत आलं, पण वाटेत त्याचे तुकडे झाले. सातशे वर्षं त्याला कोणी भिंग लावलं नव्हतं असं नाही. लावायची इच्छाच नव्हती.

काच ओळखायला डोळ्यांनी काय पाहायचं, हे मात्र प्लिनीच्या काळापासून ठाऊक आहे. त्याने वजनाची, तोंडात धरल्यावर लागणाऱ्या गारव्याची आणि आतल्या फोडांची परीक्षा दिली आहे. फोड म्हणजे हवेचे बुडबुडे. वितळलेली काच थिजताना गोल किंवा लांबट बुडबुडे आत अडकतात. कधी पाकासारखे वळणदार प्रवाहही दिसतात. साच्यात ओतलेल्या खड्याच्या पैलूंच्या कडा बोथट असतात. गारव्याची परीक्षाही निव्वळ अंधश्रद्धा नाही: स्फटिकमय दगड काचेपेक्षा उष्णता लवकर ओढून घेतो, म्हणून ओठाला गार लागतो. पण क्वार्ट्झही तितकाच गार लागतो आणि कारखान्यात वाढवलेला पाचूही. ‘काच नाही’ एवढंच या परीक्षेतून कळतं. ‘पाचू आहे’ हे कळत नाही.

आपल्याकडे पाचू दुधाच्या वाटीत टाकायला सांगतात. दुधाला हिरवी झाक आली तर खडा अस्सल. ही परीक्षा हिरव्या बांगडीचा तुकडा टाकून पाहावी. तीही पास होते. पारदर्शक हिरवी वस्तू पांढऱ्या पातळ द्रवात ठेवली की झाक दिसणारच. काचेवर ओरखडा काढण्याची परीक्षाही याच मापाची. पाचूची कठीणता साडेसात ते आठ, क्वार्ट्झची सात आणि साधारण काचेची पाच-साडेपाच. ओरखडा क्वार्ट्झनेही उठतो. शिवाय पाचू आतून भेगाळलेला असतो. अशी दामटून परीक्षा घेतली तर अस्सल खडाच फुटायचा आणि नकलीचं काही बिघडायचं नाही.

वजनाची परीक्षा मात्र घरी नाही तरी सराफाच्या काट्यावर नीट करता येते, आणि तिच्यात आकड्यांचा मान आहे. खडा हवेत तोलायचा, मग बारीक तारेने पाण्यात टांगून तोलायचा. हवेतलं वजन ४.०८ कॅरेट आणि पाण्यातलं २.५८ आलं, तर फरक १.५०. चार पूर्णांक शून्य आठ भागिले दीड म्हणजे २.७२. हे पाचूचं विशिष्ट गुरुत्व. क्वार्ट्झचं २.६५ येतं. हिरवी झिर्कोनिया, म्हणजे ज्या खड्यांच्या पांढऱ्या भावाला आपल्या बाजारात अमेरिकन डायमंड म्हणतात, ती साडेपाचच्या वर जाते. काचेचा आकडा तिच्यात काय मिसळलं आहे त्यावर हवा तसा फिरतो. अट एकच: खडा दागिन्यातून सुटा असला पाहिजे. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, हे माप जगभर एकच. राशीचे खडे विकणारे ज्या रत्तीत बोलतात तिचं वजन मात्र दुकानागणिक बदलतं, म्हणून हिशेब कॅरेटमध्येच मागावा.

जोडखड्यांची जात सर्वांत चतुर. वर बिनरंगी क्वार्ट्झचा किंवा फिक्या बेरिलचा तुकडा, खाली तसाच दुसरा आणि मध्ये हिरव्या डिंकाचा थर. वरून पाहिलं तर सगळा खडा हिरवागार. पूर्वी वरच्या भागाला पातळ लाल गार्नेट आणि खाली हिरवी काच, असाही प्रकार होता. कठीण गार्नेटमुळे ओरखडे पडत नसत आणि काचेचा रंग वर यायचा. तो पांढऱ्या कागदावर पालथा ठेवला की कडेला लालसर वलय उमटतं. डिंकवाल्या खड्यासाठी पाण्याची वाटी पुरे. खडा पाण्यात बुडवून बाजूने पाहिलं की वर कोरं, खाली कोरं आणि मधोमध हिरवी रेघ. म्हणूनच असे खडे सुटे विकण्यापेक्षा मागून बंद असलेल्या कोंदणात बसवून विकायला सोपे जातात. जुन्या दागिन्यांत खड्यामागे रंगीत चकचकीत पत्रा घालून उजळ दाखवण्याची रीतही होती, तीही बंद कोंदणातच.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे जमीन की भट्टी. इथे बाजाराची आणि शास्त्राची खरी शर्यत लागते.

माणिक भट्टीत वितळवून थेंबाथेंबाने वाढवता येतो. व्हर्न्युईल यांनी १९०२ मध्ये ती पद्धत जाहीर केली आणि नकली माणकं स्वस्त झाली. पाचूत बेरिलियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांची वीण असते. तो तसा सरळ वितळून परत पाचू होत नाही. म्हणून तो विरघळवून हळूहळू वाढवावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅरोल चॅटम यांनी १९३० च्या दशकात ते साध्य केलं, जर्मनीच्या आय. जी. फार्बेन कंपनीनेही याच दशकात असे खडे बनवले. वितळलेल्या क्षारात पाचूचे घटक विरघळवायचे, तापमान कित्येक महिने अतिशय सावकाश खाली आणायचं आणि स्फटिक वाढत राहायचा. पुढे कंपन्यांनी बंद पोलादी भांड्यात गरम पाणी आणि दाब वापरूनही पाचू वाढवला. या खड्यांना नकली म्हणायचं का, यावर चॅटम आणि अमेरिकेचा व्यापार आयोग यांच्यात मोठा वाद झाला. शेवटी नावात ‘निर्मित’ हा शब्द घालण्यावर निभावलं. खडा रसायनाने पाचूच. फक्त तो जमिनीत झालेला नाही. हा खडा त्याच नावाने, त्याच्या किमतीला विकणाऱ्यावर कोणाचं काही म्हणणं असू नये.

याच सुमाराला लंडनमध्ये एक गाळणी तयार झाली आणि तिची कथा या सगळ्या विषयाचं सार सांगते. १९३४ मध्ये अँडरसन आणि पेन या दोन रत्नतज्ज्ञांनी चेल्सी कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या मदतीने ‘चेल्सी फिल्टर’ बनवला. ही गाळणी फक्त गडद लाल आणि थोडा पिवळट हिरवा प्रकाश जाऊ देतो. पाचूचा हिरवा रंग क्रोमियममुळे येतो आणि क्रोमियमचा पाचू लाल प्रकाश सोडतो, म्हणून गाळणीतून तो लालसर दिसतो. बहुतेक हिरव्या काचा हिरव्याच राहतात. व्यापाऱ्याच्या खिशात मावेल असं हे साधन काचेच्या विरोधात उत्तम चाललं. मग चॅटमचे खडे आले. त्यांत लोह जवळजवळ नाही, क्रोमियम भरपूर. गाळणीतून ते अस्सलपेक्षाही जास्त लाल दिसतात. दुसऱ्या बाजूला, राजस्थानात १९४३ पासून अजमेर-उदयपूर पट्ट्यात सापडलेल्या पाचूंत लोह असतं. त्यातले कित्येक गाळणीखाली हिरवेच राहतात. म्हणजे अजमेरच्या मातीतून निघालेला खडा नापास आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या भट्टीतला पहिल्या नंबराने पास! गाळणी खोटं बोलत नाही. तिला विचारलेला प्रश्न जुना झाला आहे. अजूनही कोणी दुकानदार खिशातून ती काढून ‘बघा, लाल दिसतोय, अस्सल आहे’ म्हणाला, तर त्याला एवढंच सांगावं की हे ‘काच नसावी’ याचं चिन्ह आहे.

मग भट्टीतला खडा ओळखायचा कसा? त्याच्या दोषांवरून. आपल्या जुन्या रत्नशास्त्रांनी पाचूच्या दोषांची लांबलचक यादी दिली आहे आणि निर्दोष खडा श्रेष्ठ ठरवला आहे. आजचा परीक्षक नेमका उलट वागतो. तो आधी दोष शोधतो, कारण दोष म्हणजे जन्माचा दाखला. कोलंबियाच्या पाचूत इवल्याशा पोकळीत द्रव, त्यात वायूचा बुडबुडा आणि मिठाचा चौकोनी स्फटिक असे तिघे एकत्र दिसतात; आता तसं काही इतर खाणींच्या पाचूतही आढळलं आहे, म्हणून एकट्या या खुणेवर कोणी गाव ठरवत नाही. राजस्थानी पाचूत स्वल्पविरामासारख्या खुणा दिसतात. भट्टीतल्या क्षारात वाढलेल्या खड्यात या ऐवजी वाऱ्यावर हलणाऱ्या पातळ पडद्यासारखे पिसारे असतात. ते क्षाराच्या अडकलेल्या थेंबांचे. पाण्याच्या दाबाखाली वाढलेल्या खड्यात कोन करून चढत जाणाऱ्या वाढीच्या रेघा दिसतात. क्षारातल्या खड्यात पाणी नसतं, जमिनीतल्या पाचूच्या आतल्या वाहिन्यांत असतं. प्रयोगशाळेतलं अवरक्त किरणांचं यंत्र हा फरक क्षणात सांगतं. हाताशी सुटा खडा असेल तर वजनही मदत करतं: क्षारात वाढलेल्याचं विशिष्ट गुरुत्व २.६६ च्या आसपास येतं, नैसर्गिकपेक्षा जरा हलकं. पण हे काम भिंगावर विसंबून करू नये. आतून अगदी स्वच्छ, गडद, मोठा आणि स्वस्त असा पाचू कोणी पुढे केला तर चारांपैकी एक तरी विशेषण खोटं आहे, हे मात्र भिंगाशिवाय कळतं.

तिसरा प्रश्न बाजाराला सर्वांत नकोसा. जगातले बहुतेक पाचू जमिनीतून निघाल्यावर तेलात भिजवतात. भेगांत तेल शिरलं की त्या दिसेनाशा होतात. देवदाराचं बिनरंगी तेल ही जुनी, मान्य रीत. कधी त्याऐवजी कृत्रिम राळ भरतात. ती जास्त टिकते, म्हणून जास्त लपवते. जयपूरच्या बाजारात हिरवा रंग घातलेल्या तेलाला ‘जोबन’ म्हणतात. या तेलाने फिका खडा गडद होतो आणि हे झाकून विकणं ही सरळ फसवणूक. खडा अस्सल पाचू, जन्माने जमिनीतला, तरी रंग बाटलीतला. दागिने धुण्याच्या कंपनाच्या यंत्रात असा खडा टाकला की तेल निघून जातं आणि गिऱ्हाईक सराफाला शिव्या देतं, की माझा चांगला खडा बदलला. त्याने बदललेला नसतो. पाचूचा दागिना कोमट पाणी आणि मऊ ब्रश यापलीकडे कशानेही धुऊ नये. ॲसिटोनचा बोळा फिरवून रंग उतरतो का पाहण्याचा सल्ला मिळतो तो रंगवलेल्या क्वार्ट्झला लागू आहे, तेलातल्या पाचूला घातक.

सोलापूर-पुणे पट्ट्यात जमिनीत पाचू नाहीच, हेही सांगायला हवं. पाचूला बेरिलियम लागतं, ते ग्रॅनाइटच्या जातीच्या शिरांमधून येतं. आणि क्रोमियम लागतं, ते वेगळ्याच जातीच्या खडकातून. राजस्थानात हे दोन्ही खडक एकमेकांना भेटले. आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट आहे, त्यात बेरिलियमची सोय नाही. पण बेसॉल्टच्या पोकळ्यांत वेगळी हिरवी संपत्ती आहे. पुण्याजवळ पाषाणच्या टेकड्यांत हिरवं ॲपोफिलाइट मिळालं. त्याच्या रंगाचं कारण व्हॅनेडियम, असं जॉर्ज रॉसमन यांनी १९७४ मध्ये दाखवलं. राहुरीजवळ मोमीन आखाड्याला विहीर खोदताना निघालेले हिरवे गोळे जगभरच्या संग्रहांत गेले. मुंबईच्या खाणींत फिकट हिरवं प्रेनाइट मिळालेलं आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ही खनिजं पाहायला मिळतात. ॲपोफिलाइट फार मऊ, एका दिशेने पटकन चिरतं, अंगठीत बसवण्याजोगं नाही. त्याची किंमत स्फटिकाच्या रूपात आहे. आणि नकलीपणा इथेही पोहोचला आहे: ओकेनाइटचे पांढरे, कापसाच्या बोंडासारखे गोळे महाराष्ट्रातूनच निघतात आणि ते हिरवे, गुलाबी, निळे रंगवून पर्यटकांना विकले जातात. दख्खनच्या खडकाला रंग लावून दख्खनच्याच नावाने विकणं, हा प्लिनीला आवडला असता असा प्रकार.

अस्सलाची एक गोष्टही या जिल्ह्याला चिकटलेली आहे. १६९५ पासून चार वर्षं औरंगजेबाची छावणी मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला होती. माचणूरचा किल्ला त्या काळातला. हिजरी ११०७ म्हणजे १६९५-९६ सालची नोंद कोरलेला २१७.८० कॅरेटचा एक आयताकृती पाचू आज ‘मुघल एमराल्ड’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या एका बाजूला फुलं आहेत आणि दुसऱ्या बाजूला शिया पंथाची प्रार्थना. कट्टर सुन्नी बादशहासाठी हा खडा कोरला नसावा, दख्खनच्या एखाद्या शिया सरदाराचा असावा, असा अभ्यासकांचा कयास. २००१ मध्ये लंडनच्या लिलावात तो सुमारे २२ लाख डॉलरला गेला आणि आता दोह्याच्या संग्रहालयात आहे. तो मुळात कोलंबियाचा. स्पेनच्या जहाजांतून आणि पोर्तुगीजांच्या गोव्यामार्गे असे खडे दख्खनमध्ये यायचे. २००० मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून जुन्या पाचूंची गावं शोधली तेव्हा निजामाच्या खजिन्यातले काही पाचू कोलंबियाचे निघाले, तर एक अफगाणिस्तानातल्या पंजशीरचा. बुधासाठी म्हणून घेतलेल्या खड्याचा सातासमुद्रापलीकडचा प्रवास ज्योतिषाच्या पुस्तकात सापडत नाही.

बाजारात पाचूला खरी मागणी बुधासाठीच आहे, हे कोणी नाकारत नाही. राशीच्या खड्यांच्या टेबलावर ‘पन्ना’ म्हणून जे स्वस्त विकलं जातं त्यात हिरवी काच, रंगवलेला क्वार्ट्झ आणि हिरवा हकीक ही मंडळी जास्त. हकीकही बहुधा रंगवलेलाच असतो. ग्रहाला फरक पडतो की नाही, ही चर्चा या व्याख्यानाच्या बाहेरची; खिशाला मात्र फरक पडतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. दागिन्यावर हॉलमार्क आहे, सहा अक्षरांचा एचयूआयडी आहे, म्हणजे खडाही तपासलेला आहे, असं गिऱ्हाईक धरून चालतं. हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे सोन्याचे दागिने एचयूआयडीशिवाय विकता येत नाहीत, पण त्या खुणेचा खड्याशी संबंध नाही. बावीस कॅरेट सोन्यात काच बसवली तरी हॉलमार्क तितकाच खरा. खड्यासाठी वेगळी परीक्षा आहे. जयपूरला रत्न निर्यात परिषदेची प्रयोगशाळा १९७२ पासून चालते. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे. अहवालात तीन गोष्टी पाहाव्या: खनिजाचं नाव, नैसर्गिक की प्रयोगशाळेत वाढवलेला, आणि भेगा भरल्या आहेत का व किती. म्हणजे आपले तेच तीन प्रश्न. पावतीवरही दुकानदाराला हेच लिहायला सांगावं: वजन कॅरेटमध्ये, नैसर्गिक पाचू, तेल किंवा राळ आहे की नाही. जो नुसतं ‘पन्ना’ लिहून देतो आणि पुढे काही लिहायला तयार होत नाही, त्याच्या टेबलावरून उठावं. दोनशे-पाचशे रुपयांच्या खड्यासाठी मात्र प्रयोगशाळेचा खर्च करण्यात अर्थ नाही. तो काचेचा समजून हौसेने घालावा.

आजीच्या पेटीत बंद कोंदणाचा एखादा जुना हिरवा दागिना असला तर तो उचकटून खडा काढू नये. कोंदण तुटलं की दागिन्याची निम्मी किंमत जाते आणि खडा पत्र्यामुळे हिरवा होता असं निघालं तर उरलेलीही. दागिना अखंडच परीक्षेला द्यावा. प्रयोगशाळा जडावाच्या मर्यादेत जेवढं दिसतं तेवढं पाहते आणि अहवालात तशी टीपही घालते. भिंगाखाली पैलूंच्या कडा, बुडबुडे आणि रंगाचं जाळं एवढं तरी बंद कोंदणातही सापडतं.